मेनी की मच? आधी नाम ओळखा: इंग्रजीत ‘किती’ सांगण्याची वाट

नागपूरच्या मिहानमधल्या कंपन्यांत नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणारे, एसएससी (स्टाफ सिलेक्शन कमिशन) आणि बँकेच्या परीक्षांसाठी रीडिंग रूममध्ये दिवस काढणारे, आणि पोरांचा गृहपाठ घ्यावा लागतो म्हणून इंग्रजीचं पुस्तक पुन्हा उघडलेले आईबाबा, अशांसाठी हे लिहिते आहे. मी मराठी शाळेतली. आता दिवसभर ग्राहकांना इंग्रजीत मेल लिहिते आणि नव्याने आलेल्या मुलांचे मेल पाठवण्याआधी तपासते. त्यात व्याकरणाच्या चुकांपैकी सगळ्यात जास्त वेळ खाणारी जागा हीच: मेनी, मच, फ्यू, लिटल आणि त्यांची भावंडं.

क्लासमध्ये या शब्दांचा तक्ता फळ्यावर काढून देतात. डावीकडे काउंटेबल म्हणजे मोजता येणारी नामं, उजवीकडे अनकाउंटेबल म्हणजे न मोजता येणारी. तक्ता बरोबरच असतो. पण तो तोंडपाठ असलेला मुलगाही ‘आय हॅव मेनी वर्क्स टुडे’ लिहून मोकळा होतो. ‘मच’ अनकाउंटेबलबरोबर येतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ‘वर्क’ कोणत्या बाजूचा आहे हे ठाऊक नसतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी नाम, मग बाकीचं.

काय काय लागेल

- ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांची लर्नर्स डिक्शनरी. दोन्ही मोबाइलवर फुकट बघता येतात. नामाच्या अर्थापाशी ‘सी’ असेल तर काउंटेबल, ‘यू’ असेल तर अनकाउंटेबल. इंग्रजी-मराठी शब्दकोशात ही खूण बहुतेक वेळा नसते, त्यामुळे या कामाला तो पुरत नाही.
- एक वही. पानाचे दोन उभे भाग करा.
- तुम्ही स्वतः लिहिलेले दोन-चार जुने मेल किंवा निबंध. दुसऱ्याच्या वाक्यांवर सराव करण्यापेक्षा यातून लवकर कळतं.

१. नाम मोजता येतं का, हे इंग्रजीला विचारा

‘जे मोजता येतं ते काउंटेबल’ ही व्याख्या शाळेत सगळ्यांनी घोकली आहे आणि तिथेच गाडी घसरते. पैसे आपण मोजतो. बँकेतला कॅशियर तर दिवसभर तेच करतो. तरी ‘मनी’ अनकाउंटेबल. कारण प्रश्न वस्तूचा नसून शब्दाचा आहे. ‘वन मनी, टू मनीज’ असं इंग्रजी माणूस म्हणत नाही. ‘वन रुपी, टू रुपीज’ म्हणतो. म्हणून ‘हाऊ मच मनी’, पण ‘हाऊ मेनी रुपीज’. घरातल्या खुर्च्या, टेबलं, पलंग सगळं मोजता येतं, ‘मेनी चेअर्स’ चालतं. पण त्या सगळ्यांचं मिळून जे ‘फर्निचर’, ते अनकाउंटेबल.

तपासायची सोपी युक्ती: नामाच्या आधी ‘टू’ लावा आणि शेवटी ‘एस’. ‘टू ऑरेंजेस’ जमलं. ‘टू फर्निचर्स’ डिक्शनरीत सापडत नाही. शंका आली की खूण बघा, अंदाज करू नका.

२. मराठी कुठे वाट दाखवते आणि कुठे वाट लावते

हा टप्पा घाईने उरकू नका. निम्म्याहून जास्त घोळ इथलाच आहे.

काही शब्दांत मराठी आणि इंग्रजी एकाच बाजूला उभ्या असतात. ‘माहिती’चं आपण अनेकवचन करत नाही. ‘माहिती मिळाली’ म्हणतो, मग ती एका ओळीची असो की फाइलभर. ‘इन्फर्मेशन’ही तसंच. सामान आणि लगेज, ज्ञान आणि नॉलेज, वाहतूक आणि ट्रॅफिक, प्रगती आणि प्रोग्रेस, कचरा आणि गार्बेज: इथे मराठी कानावर भरवसा ठेवला तरी चालतं. गंमत म्हणजे मराठीत कधी ‘सामानं’ न म्हणणारा माणूस इंग्रजीत ‘लगेजेस’ म्हणतो. त्याला वाटतं, इंग्रजी आहे म्हणजे ‘एस’ लागत असेल.

दुसरा गट घातक आहे. मराठीत अनेकवचनी, इंग्रजीत अनकाउंटेबल. वहीत डाव्या भागात मराठी, उजव्या भागात इंग्रजी लिहून ठेवा:

- पैसे: मनी
- केस: हेअर
- दागिने: जूलरी
- बातम्या: न्यूज
- सल्ले: ॲडव्हाइस
- कामं: वर्क
- पुरावे: एव्हिडन्स
- यंत्रं: मशिनरी
- उपकरणं: इक्विपमेंट
- तांदूळ, गहू: राइस, व्हीट

आपण ‘तांदूळ संपले’ म्हणतो, ‘पोहे झाले का’ विचारतो. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री मारलेले पोहेसुद्धा ‘ते’ असतात. त्यामुळे ‘द राइस आर फिनिश्ड’ सहज तोंडून जातं. इंग्रजीत राइस एकवचनी: ‘द राइस इज फिनिश्ड’, ‘देअर इजन्ट मच राइस लेफ्ट’. धान्याचा दाणा केवढा यावरून इथे काही ठरत नाही. वाटाणेही तसे बारीकच, तरी ‘पीज’ काउंटेबल आहेत. त्यातही मजा अशी की जुन्या इंग्रजीत ‘पीज’ हा शब्द राइससारखाच एकवचनी होता. शेवटचा उच्चार ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटलं आणि त्यातून ‘पी’ हे एकवचन नव्याने पाडलं गेलं.

‘न्यूज’मधला ‘एस’ही असाच फसवतो. ‘द न्यूज इज गुड’. ‘आर’ नाही, आणि ‘अ गुड न्यूज’ही नाही.

‘वर्क’बद्दल एक खास इशारा. नागपुरात सक्करदऱ्यापासून हिंगण्यापर्यंत कुठेही फिरा, ‘वेल्डिंग वर्क्स’, ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ अशा पाट्या दिसतील. सरकारी ‘पब्लिक वर्क्स’ खातंही आहे. त्या पाट्या चुकीच्या नाहीत. तिथे ‘वर्क्स’ म्हणजे कारखाना किंवा बांधकामं. आपल्या टेबलावरच्या कामांना तो शब्द लागत नाही. ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क’ म्हणा, किंवा मोजायचीच असतील तर ‘मेनी टास्क्स’.

उलटा प्रकारही थोडा आहे: मराठीत एक, इंग्रजीत कायमचं अनेकवचन. कात्री ‘सिझर्स’, पँट ‘ट्राउझर्स’, चष्मा ‘ग्लासेस’. ‘अ पेअर ऑफ’ लावून मोजा आणि पुढे चला.

३. मेनी, मच आणि अ लॉट ऑफ

नाम पक्कं झालं की हे सोपं आहे. मेनीबरोबर काउंटेबल अनेकवचन, मचबरोबर अनकाउंटेबल. ‘हाऊ मेनी ऑरेंजेस?’, ‘हाऊ मच ऑरेंज जूस?’

मराठीत दोन्हीकडे ‘किती’ असल्याने गोंधळ होतो, पण एका ठिकाणी आपली भाषा छान मदत करते. ‘किती वेळ’ आणि ‘किती वेळा’ यांत आपण कधी गल्लत करत नाही. ‘किती वेळ लागेल’ म्हणजे ‘हाऊ मच टाइम’. ‘किती वेळा सांगू’ म्हणजे ‘हाऊ मेनी टाइम्स’. किंमत विचारताना मात्र नेहमी ‘मच’: ‘हाऊ मच आर दीज ऑरेंजेस?’ संत्री काउंटेबल आहेत म्हणून इथे ‘मेनी’ घालायला जाऊ नका, कारण विचारताय ते पैशांबद्दल.

आता कानाची गोष्ट. ‘मच’ प्रश्नात आणि नकारात शोभतो. साध्या होकारी वाक्यात तो अवघडलेला वाटतो. ‘आय हॅव मच वर्क’ नियमाला धरून असलं तरी कोणी तसं बोलत नाही. तिथे ‘अ लॉट ऑफ’ घ्या. तो दोन्हीकडे चालतो, म्हणून मुलाखतीत अडलात तर तोच वाचवेल. फक्त क्रियापद त्याच्या मागून येणाऱ्या नामाप्रमाणे ठेवा: ‘अ लॉट ऑफ ऑरेंजेस आर स्वीट’, ‘अ लॉट ऑफ वॉटर इज वेस्टेड’. ‘प्लेंटी ऑफ’ही असाच. ‘सेव्हरल’ फक्त काउंटेबलला: ‘नागपूर हॅज सेव्हरल लेक्स’. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर हे तलाव म्हटले की ‘सेव्हरल’ सार्थ होतो.

आपल्याकडचा मोसमी सापळा: मे महिना आला, पारा ४५ च्या पुढे गेला की जो तो म्हणतो ‘इट इज टू मच हॉट’. ‘टू मच’च्या पुढे नाम लागतं. ‘हॉट’ विशेषण आहे. त्यामुळे ‘इट इज टू हॉट’ किंवा ‘देअर इज टू मच हीट’. दोन्ही एकत्र कालवू नका.

४. फ्यू आणि अ फ्यू, लिटल आणि अ लिटल

बाजू ओळखणं इथे अवघड नाही: फ्यू काउंटेबलचा, लिटल अनकाउंटेबलचा. अडवतो तो एवढासा ‘अ’. तो असला की वाक्य ‘आहे’च्या बाजूला झुकतं, नसला की ‘नाही’च्या.

मराठीत हा फरक आपण रोज करतो, फक्त वेगळ्या शब्दांनी. ‘दोन-चार मित्र आहेत’ आणि ‘फारसे मित्र नाहीत’. मित्रांची संख्या दोन्हीकडे तीच असू शकते. पहिला माणूस आहेत तेवढ्यांवर खूश आहे, दुसऱ्याला कमी पडतात. पहिलं ‘अ फ्यू फ्रेंड्स’, दुसरं ‘फ्यू फ्रेंड्स’. तसंच ‘थोडं पाणी आहे’ म्हणजे ‘अ लिटल वॉटर’, आणि ‘पाणी फारसं नाही’ म्हणजे ‘लिटल वॉटर’.

नागपूर मेट्रोचं उदाहरण घ्या. सीताबर्डीच्या इंटरचेंजला गाडी बदलताना मैत्रीण फोनवर सांगते, ‘देअर आर अ फ्यू सीट्स.’ म्हणजे ये लवकर, जागा मिळेल. ती ‘देअर आर फ्यू सीट्स’ म्हणाली तर समजायचं, उभ्यानेच जावं लागेल.

वाक्य लिहून झालं की मनात मराठी करा. ‘फारसं नाही’ बसत असेल तर ‘अ’ काढा. ‘थोडं तरी आहे’ बसत असेल तर ठेवा. सावजीच्या तेलकट, झणझणीत रश्श्याबद्दल कोणी ‘देअर इज लिटल ऑइल इन इट’ लिहिलं तर व्याकरण पूर्ण बरोबर आहे, पण त्याने सावजी खाल्लेलं नाही हे उघड आहे.

बोलताना नुसता ‘फ्यू’ किंवा ‘लिटल’ जरा पुस्तकी वाटतो. लोक ‘नॉट मेनी’, ‘नॉट मच’ किंवा ‘व्हेरी फ्यू’, ‘व्हेरी लिटल’ म्हणतात. मुलाखतीत तुम्हीही तेच म्हणा.

पुढचे तीन प्रयोग परीक्षेत हमखास फसवतात:

‘ओन्ली अ फ्यू’: ‘अ’ असूनही अर्थ ‘मोजकेच’. ‘ओन्ली’ आला की ‘अ’ लागतोच.

‘क्वाइट अ फ्यू’: दिसायला ‘थोडे’, अर्थ ‘बरेच’. ‘क्वाइट अ फ्यू पीपल केम’ म्हणजे गर्दी चांगली होती.

‘द फ्यू’ आणि ‘द लिटल’: जे काही थोडं होतं ते सगळं. ‘ही स्पेंट द लिटल मनी ही हॅड.’ होते नव्हते तेवढे पैसे त्याने उडवले. वाक्याच्या शेवटी ‘ही हॅड’ सारखा तुकडा दिसला की रिकाम्या जागेत बहुधा ‘द लिटल’ किंवा ‘द फ्यू’ येतो.

५. सम, एनी, नो, इनफ

हे चारही दोन्ही बाजूंना चालतात, त्यामुळे इथे नामाची चिंता नाही. होकारात ‘सम’, प्रश्नात आणि नकारात ‘एनी’. अपवाद आदरातिथ्याचा: पाहुण्याला चहा विचारताना ‘वुड यू लाइक सम टी?’ म्हणायचं, कारण ‘हो’ची अपेक्षा असते. होकारी वाक्यातला ‘एनी’ म्हणजे ‘कोणताही’: ‘टेक एनी बस’.

‘नो’ स्वतःच नकार आहे, म्हणून ‘आय डोन्ट हॅव नो मनी’ नको. ‘इनफ’ नामाच्या आधी येतो आणि विशेषणाच्या नंतर: ‘इनफ चेअर्स’, पण ‘बिग इनफ’.

६. फ्युअर आणि लेस

परीक्षेपुरता नियम: काउंटेबलला ‘फ्युअर’, अनकाउंटेबलला ‘लेस’. ‘फ्युअर मिस्टेक्स’, ‘लेस नॉइज’.

पण इंग्रजी बातम्या ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, मग मोठमोठे लोक ‘लेस पीपल’ कसे म्हणतात? म्हणतात, आणि शेकडो वर्षांपासून म्हणत आले आहेत. रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने १७७० साली लिहिलं की संख्येसाठी ‘फ्युअर’ आपल्याला जास्त बरा वाटतो. त्याने आपली आवड सांगितली होती, पुढच्या व्याकरणकारांनी तिचा कायदा केला. बोलताना एवढं ताणायची गरज नाही असं माझं मत आहे. पेपरात आणि ऑफिसच्या मेलमध्ये मात्र कायदा पाळा. तपासणारा बेकरच्याच पंथातला असतो.

अंतर, वेळ, पैसे यांच्या आकड्यांबरोबर ‘लेस दॅन’च येतं, जरी किलोमीटर, मिनिटं, रुपये मोजता येत असले तरी. आपण तिथे एकेक किलोमीटर मोजत नसतो, सगळं मिळून एक अंतर धरतो. ‘दीक्षाभूमी इज लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स फ्रॉम झिरो माइल.’ इथे ‘फ्युअर’ घालून हुशारी दाखवायला गेलात तर फसाल.

७. नंबर ऑफ आणि अमाउंट ऑफ

‘अ लार्ज नंबर ऑफ स्टुडंट्स’, ‘अ लार्ज अमाउंट ऑफ वॉटर’. माणसांना ‘अमाउंट’ लावू नका.

क्रियापद मात्र सांभाळा. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर वेटिंग’, कारण अर्थ ‘बरेच विद्यार्थी’. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज इन्क्रीजिंग’, कारण वाढतेय ती संख्या. एरर शोधण्याच्या प्रश्नांत हे दोघं आलटून पालटून येतात.

८. न मोजता येणारं मोजायचं असेल तर

माप किंवा तुकडा पुढे आणायचा. आपणही ‘दोन दूध’ न म्हणता ‘दोन लिटर दूध’, ‘दोन पेले दूध’ म्हणतो. ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘टू पीसेस ऑफ फर्निचर’, ‘अ बार ऑफ सोप’, ‘अ लोफ ऑफ ब्रेड’, ‘थ्री प्लेट्स ऑफ पोहा’, ‘अ बॉक्स ऑफ ऑरेंज बर्फी’. अनेकवचन मापाचं होतं, वस्तूचं नाही: ‘थ्री बार्स ऑफ सोप’.

ऑफिसात सगळ्यात उपयोगी पडतो तो ‘पीस’. ‘इन्फर्मेशन’, ‘न्यूज’, ‘इक्विपमेंट’, ‘एव्हिडन्स’ सगळ्यांना लागतो. मेलमध्ये ‘फीडबॅक्स’ आणि ‘सॉफ्टवेअर्स’ दिसले की तेही आधी सुधारा. दोन्ही अनकाउंटेबल आहेत.

९. दोन्ही दगडांवर पाय असणारे शब्द

काही नामं एका अर्थाने काउंटेबल, दुसऱ्या अर्थाने अनकाउंटेबल. डिक्शनरीत एकाच शब्दाखाली ‘सी’ आणि ‘यू’ दोन्ही दिसले तर घाबरू नका, अर्थ क्रमाने वाचा.

डोक्यावरचे केस ‘हेअर’: ‘शी हॅज लाँग हेअर’. पण पोह्यात सापडला तो ‘अ हेअर’, आणि दोन सापडले तर ‘टू हेअर्स’. तक्रार करताना मोजायचा अधिकार तुम्हाला आहे. ‘पेपर’ म्हणजे कागद, अनकाउंटेबल. ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर. ‘रूम’ म्हणजे जागा, ‘अ रूम’ म्हणजे खोली. ‘आय एट चिकन’ म्हणजे चिकन खाल्लं. ‘आय एट अ चिकन’ म्हणजे अख्खी कोंबडी संपवली.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी ‘एक्स्पीरियन्स’ पक्का करून जावा. नोकरीचा अनुभव अनकाउंटेबल: ‘टू इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’. आयुष्यातले प्रसंग काउंटेबल: ‘मेनी गुड एक्स्पीरियन्सेस’. ‘आय हॅव मेनी एक्स्पीरियन्सेस इन सेल्स’ म्हणालात तर समोरच्याला वाटेल, आता किस्से ऐकावे लागणार.

चहा-कॉफी तशी अनकाउंटेबल, पण हॉटेलात ‘टू टीज, प्लीज’ अगदी बरोबर. तिथे कप गृहीत धरलेला असतो.

१०. पेपर देण्याआधी एवढं बघून जा

- ‘ईच’ आणि ‘एव्हरी’ नंतर एकवचन: ‘एव्हरी स्टुडंट हॅज’.
- ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज’. नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही चूक इतकी रुळली आहे की कानाला खटकत नाही, म्हणून डोळ्यांनी तपासा.
- ‘मोस्ट स्टुडंट्स’ किंवा ‘मोस्ट ऑफ द स्टुडंट्स’. मधलं ‘मोस्ट ऑफ स्टुडंट्स’ चालत नाही. ‘सम’, ‘मेनी’, ‘फ्यू’ यांनाही हेच लागू: ‘ऑफ’ आला की त्याच्यापुढे ‘द’, ‘दीज’ किंवा ‘माय’ हवा.
- ‘पीपल’ला ‘एस’ नसला तरी तो अनेकवचनी: ‘मेनी पीपल आर’.
- ‘मेनी अ स्टुडंट हॅज फेल्ड’. अर्थ अनेक, रूप एकवचनी. बोलण्यात कोणी वापरत नाही. पेपर काढणाऱ्यांचा मात्र लाडका आहे.

सरावासाठी आता जुने मेल काढा. फक्त नामांखाली रेघ मारा, प्रत्येकावर ‘सी’ किंवा ‘यू’ लिहा, अडलं की डिक्शनरी. ते झाल्यावरच त्यांच्या आधीचे मेनी-मच-फ्यू तपासायला घ्या. बरेचसे तुमचे तुम्हालाच दुरुस्त करता येतील. उरलेल्यांसाठी चौथा आणि नववा टप्पा पुन्हा वाचा.